सिगारेट सोडण्याची तयारी: इंदूरकरांसाठी मार्गदर्शन

सिगारेट सोडायची इच्छा असलेल्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाची भारतातील दुसरी फेरी २०१६-१७ मध्ये झाली, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी मागच्या बारा महिन्यांत ते सोडण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले होते. असे बहुतेक प्रयत्न पहिल्या आठवड्यातच संपतात. कोणतेही औषध किंवा समुपदेशन न घेता, केवळ निर्धाराच्या जोरावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभरानंतरही सिगारेटपासून दूर असलेले लोक शंभरात तीन ते पाचच भरतात. बाकीचे पंच्याण्णव जण दुबळ्या मनाचे असतात, हा त्यावर काढला जाणारा निष्कर्ष मला सपशेल चुकीचा वाटतो. त्यांनी निश्चय केलेला असतो. तयारी मात्र केलेली नसते.

सिगारेट माणसाला दोन बाजूंनी धरून ठेवते. एक बाजू शरीराची. झुरक्यातले निकोटिन साधारण दहा सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण दर दोन तासांनी निम्म्यावर येते, त्यामुळे दिवसभर थोड्या थोड्या वेळाने शरीर त्याची मागणी करत राहते. दुसरी बाजू वेळांची आणि जागांची. सकाळच्या पोह्यांनंतरची, ऑफिसच्या फाटकाबाहेरच्या गुमटीवरची (पानाच्या टपरीवरची), रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात फिरून झाल्यावरची, अशी प्रत्येक सिगारेट कुठल्या तरी ठरलेल्या प्रसंगाला बांधलेली असते. शरीराच्या मागणीवर औषधे आहेत. प्रसंगांचा बंदोबस्त मात्र ज्याचा त्याने आधी बसून करावा लागतो, आणि पुढील पायऱ्यांचा बराचसा भाग त्याविषयीच आहे.

पहिली पायरी: आठवडाभराची नोंद

सोडण्याआधी एक आठवडा नेहमीसारखीच सिगारेट ओढावी. फक्त प्रत्येक सिगारेट पेटवण्यापूर्वी वेळ, जागा, सोबत कोण होते आणि तलफ किती तीव्र होती, हे वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवावे. पेटवण्यापूर्वी लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण नंतर लिहायचे ठरवले की ते राहून जाते. बिडी, तंबाखू किंवा पाऊच घेत असाल तर त्याचीही नोंद याच वहीत व्हावी. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज निराधार आहे.

आठवड्याच्या शेवटी वही उघडल्यावर सहसा असे दिसते, की खऱ्या तीव्र तलफेच्या सिगारेटी थोड्याच असतात आणि बाकीच्या केवळ चहा आला, मित्र उठला, फोन वाजला म्हणून ओढलेल्या असतात. इंदूरमध्ये तर अर्ध्या पेल्याच्या ‘कट’ चहाला निमित्त लागत नाही, आणि जितक्या वेळा कट तितक्या वेळा सिगारेट, असा हिशेब अनेकांच्या वहीत निघतो. तीव्र तलफेच्या सिगारेटींसमोर एक खूण करावी आणि निमित्ताच्या सिगारेटींसमोर दुसरी. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

या नोंदीतली एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायची असते: सकाळी जाग आल्यापासून पहिली सिगारेट किती वेळात पेटते? अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर निकोटिनवरचे अवलंबित्व तीव्र समजले जाते, मग दिवसाचा एकूण आकडा लहान का असेना. औषधाची मात्रा ठरवताना या प्रश्नाचे उत्तर फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी: तारीख, घरची माणसे आणि उधारीचे खाते

नोंद पूर्ण झाल्यावर पुढच्या दोन आठवड्यांतला एक दिवस निश्चित करावा. त्याहून लांबची तारीख घेतली की उत्साह ओसरतो. मुहूर्त पाहण्याचे कारण नाही, पण कोणता आठवडा टाळायचा हे मात्र पाहावे. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा आठवडा, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या) मिरवणुकीची जागरणाची रात्र, घरातले लग्न किंवा आर्थिक वर्षअखेरची धावपळ या काळात आरंभ करू नये.

हळूहळू कमी करत जावे की एका दिवशी पूर्ण थांबावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ठरलेल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांना थोडे अधिक यश मिळते, असे संशोधनातून दिसले आहे, आणि माझाही कल त्याच बाजूला आहे. कमी करत जाणारा माणूस उरलेल्या सिगारेटीतून खोल झुरके घेऊन निकोटिनची भरपाई करून घेतो आणि दिवसाच्या दोन-तीन सिगारेटींवर महिनोन्‌महिने रेंगाळतो. ‘आता एकच ओढतो’ हे समाधानही फसवे आहे, कारण दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका वाढीव धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका एकच ओढणाऱ्यालाही असतो. ‘लाइट’ म्हणवल्या जाणाऱ्या सिगारेटींचाही काही लाभ नाही.

घरी सांगावे की न सांगावे? आपल्या मराठी घरांतून अनेक जण वडीलधाऱ्यांपासून लपवून ओढतात, आणि ज्या गोष्टीची घरी वाच्यताच नाही ती सोडल्याचे तरी कसे सांगायचे, अशी त्यांची अडचण होते. सगळ्यांना सांगणे आवश्यक नाही. पत्नी, भाऊ, वहिनी किंवा जवळचा एखादा मित्र, अशा एका माणसाला विश्वासात घ्यावे आणि त्याच्याकडून नेमके काय हवे तेही सांगावे: ‘पहिले दहा दिवस मी चिडचिड करेन, ती मनावर घेऊ नका, आणि आज ओढली का, असे रोज विचारू नका.’ घरच्यांनीही खिसे तपासण्याच्या आणि तोंडाचा वास घेण्याच्या मोहात पडू नये. पहारा सुरू झाला की माणूस पुन्हा लपवायला लागतो, आणि लपवण्यात तर तो आधीपासूनच तरबेज असतो.

आता गुमटीकडे वळू, कारण या सगळ्या प्रकरणात तिचे महत्त्व घरच्यांपेक्षा कमी नाही. नेहमीच्या गुमटीवर बहुतेकांचे उधारीचे खाते असते. पानवाला आपल्याला लांबून येताना पाहतो, काही न विचारता आपला ब्रँड काढून कत्थ्याचे डाग पडलेल्या फळीवर ठेवतो, सुतळीच्या धुमसत्या टोकाकडे किंवा दोरीला बांधलेल्या लायटरकडे आपला हात आपोआप जातो, आणि वहीत एक रेघ वाढते. या सगळ्यात आपण विचार करावा असा क्षणच येत नाही. म्हणून ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी हे खाते पूर्ण चुकते करावे आणि पानवाल्याला स्पष्ट सांगावे, ‘भिया, कल से मत देना, माँगूँ तो भी मत देना।’ तो हसेल, कदाचित दोन दिवसांत परत याल असेही म्हणेल. पण पैसे मोजून आणि तोंडाने मागून घेण्याची वेळ आली, की आपोआप घडणारी गोष्ट अडखळते, आणि तेवढी अडचण पुष्कळदा पुरते. पहिले दोन-तीन आठवडे त्या रस्त्याने जाणेच टाळता आले तर अधिक चांगले.

आदल्या रात्री घर, गाडी आणि ऑफिसचा खण तपासून पाकिटे, काडेपेट्या, लायटर आणि ॲश-ट्रे काढून टाकावेत. ‘अडीअडचणीसाठी’ म्हणून एक पाकीट कपाटात ठेवणे म्हणजे त्या अडीअडचणीला आमंत्रण देणे होय.

तिसरी पायरी: औषधे

औषधाची मदत घेणे कमीपणाचे आहे, असे मानणारे लोक रक्तदाबाची गोळी मात्र निमूटपणे घेतात. निकोटिनची सवय मेंदूच्या रचनेत बदल घडवते आणि तिच्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत; ते न वापरण्यात शौर्य नाही.

सर्वांत सहज मिळणारा उपाय निकोटिन च्युइंगगमचा. २ मिलिग्रॅमचे गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ४ मिलिग्रॅमच्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि जाग आल्यावर अर्ध्या तासात सिगारेट पेटवणाऱ्यांना सहसा तीच मात्रा द्यावी लागते. हे गम साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते, आणि ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. ते तोंडात टाकून अगदी सावकाश चावावे. दहा-पंधरा वेळा चावल्यावर जिभेला तिखटसर चुणचुण जाणवली, की चावणे थांबवून ते गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवावे. मिनिटभराने चुणचुण ओसरली की पुन्हा थोडे चावावे आणि दुसऱ्या बाजूला ठेवावे. एक गम असे अर्धा तास चालते. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जायला हवे. भराभर चावले तर ते लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि मग ‘गम मला मानवत नाही’ असा शेरा मारून माणूस पुन्हा गुमटीवर उभा राहतो. गम घेण्यापूर्वीची पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, शिकंजी किंवा फळांचा रस घेऊ नये, कारण या पेयांमुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम घ्यावे आणि पुढच्या सहा आठवड्यांत अंतर वाढवत ते बंद करावे. तलफ येण्याची वाट न पाहता वेळेवर घेतल्यास त्याचा जास्त उपयोग होतो.

निकोटिनची पट्टी रोज सकाळी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावतात, आणि दररोज जागा बदलतात. दिवसाला दहापेक्षा अधिक सिगारेटी ओढणारे सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून काही आठवड्यांनी १४ आणि मग ७ मिलिग्रॅमवर येतात. पट्टी दिवसभराची शारीरिक गरज भागवते आणि गम अचानक आलेली तलफ सांभाळते. दोन्ही एकत्र वापरल्यास एकट्या उपायापेक्षा अधिक यश मिळते. निकोटिनरहित गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही दोन नावे मुख्य आहेत. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या असतात आणि ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू कराव्या लागतात, म्हणून डॉक्टरांची भेट शेवटच्या दिवसावर ढकलू नये. फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. गर्भवती स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण आणि अठरा वर्षांखालील मुले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही घेऊ नये.

इंदूरमध्ये यासाठी एम. वाय. रुग्णालयाच्या छातीविकार किंवा मानसोपचार विभागात दाखवता येईल. घरचे डॉक्टरही सुरुवात करून देऊ शकतात. समुपदेशनासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडण्यासाठी फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. गंमत अशी, की तो प्रत्येक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो आणि वर्षानुवर्षे पाकीट हाताळणाऱ्यांनीही तो वाचलेला नसतो. तिथे हिंदीत बोलता येते आणि ते स्वतःहून पुन्हा फोन करून चौकशीही करतात.

ई-सिगारेटच्या वाटेला जाऊ नये. भारतात तिच्या विक्रीवर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे आणि चोरट्या मार्गाने मिळणाऱ्या नळीत काय भरले आहे याची कोणालाच हमी देता येत नाही. ‘हर्बल’ सिगारेटीत तंबाखू नसला तरी धूर, टार आणि कार्बन मोनॉक्साइड असतातच.

चौथी पायरी: पहिले तीन दिवस आणि त्यानंतरचे तीन आठवडे

दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत जड जातो. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, भूक वाढणे आणि बद्धकोष्ठता ही लक्षणे अपेक्षित आहेत. ती दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. काहींचा खोकला आरंभी वाढतो, कारण धुराने निकामी झालेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागून साचलेला कफ बाहेर काढतात. तो वाढला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, मात्र कफात रक्त दिसले किंवा खोकला काही आठवडे टिकला तर तपासणी करून घ्यावी.

एकेक तलफ काही मिनिटेच टिकते, हे लक्षात ठेवले तर तिच्याशी भांडत बसावे लागत नाही. तेवढ्या वेळात जागा बदलावी, हळूहळू पाणी प्यावे, कोणाला तरी फोन लावावा, जिना उतरून चढावा. तोंडात ठेवायला बडीशेप, लवंग किंवा वेलची घ्यावी. सुपारी मात्र घेऊ नये. इंदूरला जेवणानंतर मुखवास आणि सुपारी हातावर ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, परंतु तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगाला कारण होते. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये देशात सर्वप्रथम गुटख्यावर बंदी घातली, तरी पान मसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या सगळीकडे मिळतात, आणि सिगारेट सोडल्याच्या आनंदात पुडीला लागलेले लोक आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत.

चहा-कॉफीचे प्रमाण या दिवसांत निम्म्यावर आणावे. धूर शरीरात कॅफिनचा निचरा वेगाने घडवून आणतो; सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहाने कॅफिन अधिक काळ रक्तात राहते, आणि हात थरथरणे, झोप न येणे यांचा दोष सिगारेट सोडण्याला दिला जातो. याच कारणाने दमा किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांची, उदाहरणार्थ थिओफिलिन आणि क्लोझापिन यांची, मात्रा बदलावी लागू शकते. अशी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तारीख ठरवतानाच डॉक्टरांना कळवावे.

वजनाविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. सोडल्यानंतर वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी शेव आणि रात्री सराफा असलेल्या या शहरात ते त्याहून वाढणेही अशक्य नाही. तरीसुद्धा पहिल्या महिन्यात कडक पथ्य सुरू करू नये, कारण दोन वंचना एकाच वेळी सहन करणे फार थोड्यांना जमते. पोहे खावेत, जलेबी अर्धी करावी, आणि सकाळी मेघदूत बागेत किंवा घराजवळच्या मैदानावर अर्धा तास झपझप चालावे. चालण्याने तलफेची तीव्रताही कमी होते.

पाचवी पायरी: धोक्याचे प्रसंग

वहीतल्या निमित्ताच्या सिगारेटी इथे उपयोगी पडतात. प्रत्येक प्रसंगापुढे आपण काय करणार, हे एका वाक्यात लिहून काढावे. मराठी नाटकाच्या मध्यंतरात बाहेर जाणाऱ्या घोळक्याबरोबर न जाता खुर्चीतच बसून राहायचे, किंवा चहा हवाच असेल तर न ओढणाऱ्या माणसाबरोबर घ्यायचा. ऑफिसातला कट गुमटीवर न घेता टेबलावर मागवायचा. सराफ्यात खाणे आटोपल्यावर रेंगाळायचे नाही, थेट गाडीकडे निघायचे. असे वाक्य आधी ठरलेले असले की ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

दारूची बैठक सर्वांत धोक्याची. पहिला महिना तरी ती पूर्ण टाळावी, कारण दोन पेगांनंतर कोणताच निश्चय शाबूत राहत नाही. मित्रांना सांगताना लांबलचक कारणे देऊ नयेत. ‘सध्या ओढत नाही’ एवढे पुरते. कारण सांगितले की त्यावर वाद सुरू होतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर मनाई आहे आणि दोनशे रुपयांपर्यंत दंडही आहे, त्यामुळे हॉटेलात किंवा सभागृहात कोणी शेजारी पेटवलीच तर विझवायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला आहे. शक्यतो तो नम्रपणेच वापरावा.

सहावी पायरी: घसरल्यास

एखादी सिगारेट ओढली गेली तर पुढचा तास महत्त्वाचा असतो. ‘आता गेलेच सगळे’ असे म्हणून पाकीट विकत घेणे आणि ‘एक ओढली, दुसरी नाही’ असे म्हणून तिथून निघणे, या दोन वाटा त्या तासातच फुटतात. हातात उरलेली सिगारेट टाकून द्यावी, विश्वासातल्या माणसाला त्याच दिवशी सांगावे आणि वहीत प्रसंग लिहावा. पट्टी किंवा गम चालू असेल तर ते बंद करू नये. बहुतेक जण नेमकी हीच चूक करतात. नव्या तारखेची वाट पाहू नये, दिवसांची मोजणीही शून्यापासून सुरू करू नये.

तीन-चार महिन्यांनंतर येणारा धोका वेगळ्या जातीचा असतो. तलफ उरलेली नसते, आत्मविश्वास वाढलेला असतो, आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीनंतर ‘आता एक ओढून काय होणार आहे’ असा विचार येतो. घरात मृत्यू, नोकरीतले संकट, भांडण अशा वेळीही जुनी सवय अचानक वर येते. औषध वेळेआधी बंद केलेल्यांना हे अधिक जाणवते, म्हणून पूर्ण बारा आठवड्यांचा क्रम पाळावा, आणि ठीक वाटते म्हणून तो आटोपता घेऊ नये.

या काळात शरीरात होणारे बदल माहीत असावेत. शेवटच्या सिगारेटीनंतर वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरू लागतात. सुमारे बारा तासांत रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सामान्य होते. दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते आणि फुप्फुसांची क्षमता वाढते. जिना चढताना हे प्रत्यक्ष कळते. एका वर्षाने हृदयविकाराचा वाढीव धोका सिगारेट ओढणाऱ्याच्या तुलनेत निम्मा होतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर यायला साधारण दहा वर्षे लागतात. या शेवटच्या आकड्यामुळेच, पूर्वी बरीच वर्षे भरपूर सिगारेट ओढलेल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाने, आता सोडली आहे म्हणून निश्चिंत न राहता छातीविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्यावे आणि तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसल्यास दंतवैद्यांकडे जावे.

संपूर्ण प्रयत्नच फसला आणि महिन्याभरात पुन्हा पाकीट सुरू झाले, तर पुढच्या खेपेस तोच प्रकार तसाच करू नये. जुनी वही घेऊन डॉक्टरांकडे जावे, कोणत्या दिवशी आणि कुठे घसरण झाली ते दाखवावे, आणि गम एकटे वापरले असेल तर त्याला पट्टीची जोड देता येईल का, किंवा गोळी सुरू करता येईल का, हे विचारावे.